बॅजला न दिसणारी धूळ

नाशिकमध्ये किरणोत्साराचा विषय निघाला की बोलणं हटकून लासलगावच्या कांद्यावर येतं. तिथल्या 'कृषक' केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे (ग्रे म्हणजे पदार्थानं शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप) इतकी गॅमा किरणांची मात्रा देतात. स्रोत कोबाल्ट-६० चा, धातूच्या नळ्यांत सीलबंद, जाड भिंतींच्या आड. तिथं काम करणाऱ्याच्या श्वासात कोबाल्टचा कणही जात नाही आणि कांदाही किरणोत्सारी होत नाही. भीती मात्र तिथंच जाऊन बसली आहे. ज्या शेडमध्ये किरणोत्सारी पदार्थ खरोखर चाकावर घासला जातो, त्याची धूळ उडते आणि नाकातून आत जाते, त्या शेडबद्दल कुणी विचारत नाही.

अशा शेड सातपूरला आहेत, अंबडला आहेत, सिन्नरला आहेत. वाइनरीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, डेअरीची भांडी, औषध कारखान्यांच्या पाइपलाइन हे सगळं काम टिग वेल्डिंगचं, म्हणजे कामगारांच्या भाषेत आर्गनचं. त्यासाठी टॉर्चमध्ये टंगस्टनचा रॉड बसवतात आणि आजही अनेक ठिकाणी तो लाल टोकाचाच असतो. लाल रंगाचा अर्थ ठरलेला आहे: डब्ल्यूटी-२०, म्हणजे टंगस्टनमध्ये सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड. थोरियममुळे इलेक्ट्रॉन सहज सुटतात, आर्क चटकन लागतो, टोक लवकर बोथट होत नाही. पण थोरियम किरणोत्सारी आहे, आणि तो अल्फा कण सोडतो. हा रॉड नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतून पूर्णपणे हद्दपार करावा, आणि श्वासावाटे आत जाणाऱ्या किरणोत्सारी धुळीचा हिशेब अणुकेंद्रांत ज्या शिस्तीनं ठेवला जातो त्या शिस्तीतला निदान काही भाग आपल्या शेडमध्ये आणावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अल्फा कणांबद्दल शाळेत एक वाक्य शिकवतात, की साधा कागदही त्यांना अडवतो. वाक्य खरं आहे आणि त्यातूनच गैरसमज होतो. हवेत काही सेंटिमीटर आणि शरीराच्या पेशींत साधारण ३० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढीच त्यांची झेप. त्वचेचा वरचा मृत थर त्यांना थोपवतो, म्हणून रॉड हातात धरल्यानं अल्फाचा काही त्रास नाही. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला असा मृत थर नसतो. तिथं ज्या पेशींपासून कर्करोग सुरू होतो असं मानतात, त्यांची केंद्रकं पृष्ठभागाखाली १० ते ५० मायक्रॉनवर असतात, म्हणजे नेमकी अल्फाच्या टप्प्यात. कण आपली सगळी ऊर्जा त्या इवल्याशा अंतरात ओततो आणि डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांच्या अगदी जवळ तोडतो. अशी तूट पेशीला नीट सांधता येत नाही. म्हणून तेवढ्याच ग्रे मात्रेसाठी अल्फाला गॅमाच्या २० पट वजन देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे.

किती धूळ आत गेली याइतकंच ती कोणत्या आकाराची होती हेही महत्त्वाचं. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. कामाच्या जागेसाठी हिशेब करताना ५ मायक्रॉन हा आकार गृहीत धरतात. त्याहून बारीक कण खोल वायुकोशांपर्यंत जातात. मोठ्या नलिकांतला कण कफाबरोबर दिवस-दोन दिवसांत वर येऊन गिळला जातो. वायुकोशांत पोचलेल्याला ती वाट नाही. तिथं त्याला भक्षक पेशी गिळतात आणि तो विरघळणारा नसेल तर वर्षानुवर्षं तिथं किंवा छातीतल्या लसिकाग्रंथींत पडून राहतो. थोरियम ऑक्साइड आणि प्लुटोनियम ऑक्साइड ही दोन्ही याच न विरघळणाऱ्या जातीची. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे. माणसाच्या आयुष्यात तो कमी होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शिवाय तो एकटा नसतो. त्याच्या साखळीत थोरियम-२२८ आणि थोरॉन वायूसह पुढची पिढी येते आणि शिसं होईपर्यंत एकूण सहा अल्फा सुटतात.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाण कामगारांमधला फुप्फुसाचा कर्करोग १८७९ मध्येच नोंदवला गेला होता. त्यामागे खाणीतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू होता, हे कळायला मात्र पुढची अनेक दशकं गेली. प्लुटोनियमचा सर्वांत मोठा पुरावा रशियातल्या उरल भागातल्या मायाक या प्लुटोनियम बनवणाऱ्या कारखान्यातून येतो. १९४८ पासून सुरू झालेल्या त्या कारखान्यात पहिल्या काही वर्षांत कामगारांनी प्रचंड प्रमाणात प्लुटोनियम श्वासावाटे घेतलं. फुप्फुसातली मात्रा वाढत गेली तसा कर्करोगही सरळ रेषेत वाढत गेला, आणि धूम्रपानाचा हिशेब बाजूला काढला तरी ती रेषा टिकली.

मायाकच्या मात्रा फार मोठ्या होत्या, आजच्या कामगाराला त्या लागू नाहीत, असा आक्षेप घेतला जायचा. त्याला उत्तर २०१७ मध्ये आलं. बेल्जियम, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या अणुकामगारांमधले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ५५३ मृत्यू घेतले आणि त्यांची तुलना तसंच काम करणाऱ्या १,३३३ जणांशी केली. प्रत्येकाच्या लघवीच्या जुन्या चाचण्यांवरून फुप्फुसातली अल्फा मात्रा काढली. दर ग्रे अल्फा मात्रेमागे मूळ जोखमीत ११ पट भर पडते, असा निष्कर्ष निघाला. प्लुटोनियमसाठी वेगळा आकडा सुमारे ५० होता. युरेनियमसाठी ५.३, पण त्याची अनिश्चितता शून्याच्याही खाली जाते, म्हणून युरेनियमबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. एक ग्रे म्हणजे फार मोठी मात्रा. बहुतेक कामगारांची मात्रा मिलिग्रेमध्ये असते, तेव्हा '११ पट' हा आकडा उचलून मथळा करणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्या अभ्यासातून घेण्यासारखं दुसरं काही आहे. कमी मात्रेतही परिणाम दिसला, आणि तो दिसू शकला कारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लघवीच्या चाचण्यांचे कागद कुणीतरी जपून ठेवले होते.

१९७० च्या दशकात असाही दावा झाला होता की प्लुटोनियमचा एकच 'तप्त कण' भोवतीच्या पेशींना इतकी केंद्रित मात्रा देतो की धोका हिशेबाच्या हजारो पट वाढतो. पुढच्या निरीक्षणांत तो टिकला नाही. एक कण गेला म्हणजे कर्करोग झालाच, असं सांगून कामगाराला घाबरवणारे आणि काहीच होत नाही म्हणून खांदे उडवणारे, दोघंही चुकतात. कण किती, कोणत्या आकाराचे, कुठं बसले, किती वर्षं राहिले, यावर सगळं अवलंबून आहे.

अणुउद्योगात हे मोजायची रीत ठरलेली आहे. प्लुटोनियम उघड्यावर हाताळतच नाहीत. हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत काम चालतं आणि पेटीतला दाब खोलीपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे मोज्याला चीर पडली तरी हवा आत जाते, धूळ बाहेर येत नाही. खोलीतली हवा सतत गाळून फिल्टरवरची अल्फा मोजतात. कामगाराच्या छातीवरचा टीएलडी बॅज फक्त बाहेरून येणारे बीटा आणि गॅमा मोजतो. आत गेलेल्या अल्फाची त्याला खबरही नसते. त्यासाठी चोवीस तासांची लघवी तपासतात, छातीवर शोधक लावून प्लुटोनियमसोबत असलेल्या अमेरिशियमचा ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा क्षीण गॅमा पकडतात, आणि थोरियमच्या कामगाराच्या उच्छ्वासातला थोरॉन मोजतात. भारतात अशा कामगारासाठी वार्षिक मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं २० मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे किरणाच्या प्रकाराचं आणि अवयवाचं वजन लावून काढलेली मात्रा) आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी १.

ही शिस्त कुठं ढिली पडू शकते, तेही सांगायला हवं. बॅज शून्य दाखवतोय म्हणजे मात्रा शून्य, ही समजूत सर्वांत धोक्याची. दुरुस्तीच्या काळात पाइप कापणं, जुने फिल्टर काढणं, गॅस्केट खरवडणं ही सर्वांत धुळीची कामं असतात आणि ती करायला येतात थोड्या दिवसांचे ठेक्याचे कामगार. नाशिकच्या आयटीआयमधून वेल्डर आणि फिटर होऊन बाहेर पडणारी मुलं राज्यभर अशा ठेक्यांवर जातात. तारापूरचं अणुवीज केंद्रही फार लांब नाही. अशा मुलानं काम सोडताना आपल्या बॅजच्या नोंदीबरोबर आपल्या लघवीच्या आणि फुप्फुसाच्या मोजणीची नोंदही मागून घ्यावी. तो त्याचा हक्क आहे. आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात की ही नोंद कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत, आणि काम सुटल्यानंतर निदान ३० वर्षं, जपली पाहिजे.

आता लाल टोकाच्या रॉडकडे. २.४ मिलिमीटर जाडीचा, १५० मिलिमीटर लांबीचा रॉड साधारण १३ ग्रॅमचा भरतो. त्यात जवळपास पाव ग्रॅम थोरियम, म्हणजे ९०० बेकरेलच्या आसपास थोरियम-२३२ (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). ग्रॅममागे सुमारे ७० बेकरेल झाले. नैसर्गिक थोरियम असलेल्या मालाला नियमनाबाहेर ठेवण्याची आंतरराष्ट्रीय पातळी ग्रॅममागे १ बेकरेल आहे. तरी वेल्डिंगच्या रॉडना अमेरिकेसारख्या देशांनी परवान्यातून सूट दिली, कारण रॉड हातात धरून किंवा आर्क चालवताना मिळणारी मात्रा खरोखरच नगण्य आहे. डीसी वेल्डिंगमध्ये टोक फारसं जळत नाही. रॉड संपतो तो मुख्यतः घासण्यात.

ग्राइंडरपाशी जरा थांबून पाहिलं की हे उमजतं. स्टेनलेससाठी टोक जाडीच्या दुप्पट लांबीचं काढतात, म्हणजे ५ मिलिमीटरचा शंकू. नव्या रॉडला असं एक टोक काढताना सुमारे ०.२९ ग्रॅम धातू चाकावर जातो. त्यात ५ मिलिग्रॅम थोरियम, म्हणजे २० बेकरेल. टंगस्टन जॉबला चिकटला की टोक तोडून पुन्हा हाच उद्योग, आणि नवशिक्या हाताकडून तो दिवसातून अनेकदा चिकटतो. ग्राइंडरच्या टेकूवर आणि चाकाच्या कव्हरच्या आत राखाडी, पिठासारखी भुकटी साठते. टोक काढायला रॉड डोळ्यांजवळ धरावा लागतो, म्हणून चेहरा चाकापासून वीतभर अंतरावर येतो. आणि पाळी संपताना तीच भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवली जाते. त्याच पाइपनं कपडेही झटकले जातात. जड धातूचे मोठे कण खाली बसतात, पण हवेच्या झोताबरोबर बारीक कण पुन्हा पुन्हा वर येतात आणि वेल्डिंग न करणारा झाडूवालाही ते ओढतो.

मात्रेचा अंदाज बांधता येतो. वर्षाला १० रॉडची तीन पाकिटं वापरणारा कामगार, थोटकं वगळली तर, सुमारे २०,००० बेकरेल थोरियम-२३२ धुळीत घालतो. थोरियम-२२८ तितकाच आहे असं धरलं, तर अशी २७ बेकरेल धूळ श्वासात गेली की साधारण १ मिलिसिव्हर्ट मात्रा होते. उडालेल्या धुळीचा हजारावा भाग आत गेला तर वर्षाला पाऊण मिलिसिव्हर्ट. शंभरावा गेला तर साडेसात. दहा हजारावा गेला तर काळजीचं कारण नाही. यातलं खरं काय, ते शेडची हवा, चाकाचं कव्हर आणि कामगाराची सवय ठरवते. पाऊण मिलिसिव्हर्ट वीस वर्षं धरून, सगळी मात्रा फुप्फुसातच पडली असं समजून २०१७ च्या अभ्यासातला ११ चा आकडा लावला, तर जोखीम १०० वरून १०७ च्या घरात जाते. सिगारेट आणि बिडी हाच आकडा कित्येक पटींनी वाढवतात. स्टेनलेसच्या धुरातला हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि फाउंड्रीतली सिलिका हीदेखील थोरियमपेक्षा मोठी कारणं आहेत. वेल्डिंगचा धूरच मुळात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या, गटात टाकला आहे.

मग एवढ्या लहान जोखमीसाठी आग्रह कशाला? कारण किरणोत्सारापासून संरक्षणाचं पहिलं तत्त्व मर्यादेचं नाहीच, औचित्याचं आहे. किरणोत्साराचा फायदा त्याच्या हानीपेक्षा जास्त असेल, आणि तोच फायदा त्याशिवाय सहज मिळत नसेल, तरच तो वापरायचा. मात्रा कमीत कमी ठेवणं आणि मर्यादा पाळणं हे प्रश्न त्यानंतर येतात. कर्करोगाच्या उपचारात कोबाल्ट या कसोटीला उतरतो. लासलगावचा कांदाही उतरतो, असं आमचं मत. लाल टोकाचा रॉड पहिल्याच पायरीवर नापास होतो, कारण तेच काम करणारा, किरणोत्सारी नसलेला रॉड त्याच दुकानात मिळतो.

तो लॅन्थॅनमचा. सोनेरी टोकाचा डब्ल्यूएल-१५ किंवा निळ्या टोकाचा डब्ल्यूएल-२०. करड्या टोकाचा सेरियमचा डब्ल्यूसी-२० कमी अँपिअरच्या पातळ कामाला चांगला. मशिन तेच, टॉर्चमध्ये रॉड पकडणारं कॉलेट तेच, टोकाचा कप तोच. निळा रॉड डीसीवर स्टेनलेसला आणि एसीवर ॲल्युमिनियमला दोन्हीकडे चालतो, त्यामुळे दोन प्रकारचा साठा ठेवायचीही गरज उरत नाही. जुने वेल्डर म्हणतात की लालला तोड नाही. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे, कारण त्यांनी निळा रॉड वापरून पाहिला तेव्हा बहुधा टोक आडवं घासलेलं होतं. चाकाच्या रेघा रॉडच्या लांबीत याव्या लागतात. आडव्या आल्या की आर्क भरकटतो, मग रॉड कुठल्याही रंगाचा असो. लोखंड घासलेल्याच चाकावर टंगस्टन घासला तर लोखंडाचे कण टोकाला चिकटतात आणि आर्क थुंकायला लागतो. त्याचंही खापर रॉडवर फुटतं.

खरेदी करताना फक्त रंगावर विसंबू नये. रंग म्हणजे पेंटचा ठिपका. ऑर्डरमध्ये 'टंगस्टन रॉड, २.४' एवढंच लिहिलं की दुकानदार हाताला येईल ते देतो. 'डब्ल्यूएल-२०, थोरियमविरहित' असं लिहावं आणि पाकिटावरचा कोड पाहून माल घ्यावा. टोक काढताना रंगाची बाजू शाबूत ठेवून दुसऱ्या बाजूला धार लावावी. रंगच घासून टाकला तर डब्यात उरलेला रॉड कुठला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

रॉड बदलला तरी घासण्याची जागा सुधारावीच लागेल, कारण टंगस्टनची आणि चाकाची धूळही फुप्फुसाला बरी नाही. बंद डबीतला, हिऱ्याच्या चाकाचा टंगस्टन ग्राइंडर सर्वांत चांगला. तो परवडत नसेल तर टंगस्टनसाठी वेगळं चाक, त्यावर पूर्ण कव्हर आणि चाकाजवळच तोंड असलेला, एच-१३ म्हणजे अतिबारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूनं पुन्हा शेडमध्ये सोडतो, म्हणून फिल्टरवर पैसे वाचवू नयेत. हवेचा पाइप आणि कोरडा झाडू बंद, ओलं फडकं सुरू. रुमाल किंवा गमछा बारीक कण अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि दाढी असेल तर कडेनं हवा शिरतेच. ग्राइंडरशेजारी डबा उघडू नये आणि हात धुतल्याशिवाय बिडी पेटवू नये. लाल रॉडचा उरलेला साठा पुरवठादाराला परत करावा. थोटकं आणि जुनी धूळ झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून, वेगळी ठेवावी. टंगस्टनला भाव आहे म्हणून ती भंगारात विकली जातात, आणि मग तोच थोरियम आणखी कुणाच्या तरी चाकावर जातो.

हे बदल एकेका मालकाच्या भलेपणावर सोडून चालणार नाहीत. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी सभासदांसाठी थोरियमविरहित खरेदीचा ठराव केला तर पुरवठादार महिन्याभरात साठा बदलतील. मोठ्या कंपन्यांनी आपल्या जॉबवर्क करणाऱ्यांच्या ऑर्डरमध्ये ही एक ओळ घालावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीत ग्राइंडरच्या गार्डकडे पाहतातच, त्याच वेळी शेजारच्या पाकिटावरचा कोडही पाहावा. १९४८ च्या कारखाने कायद्यानं किरणोत्सारी पदार्थांमुळे होणारे विकार कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातले होते. पण कामगार काय घासत होता याची नोंदच नसेल, तर डॉक्टर तो आजार कळवणार कशाच्या आधारावर?

डॉक्टरांनाही एक विनंती. आपल्याकडे पन्नाशीतला वेल्डर खोकला आणि वजन घटल्याची तक्रार घेऊन आला आणि एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो रास्तच आहे. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधं सुरू करूनही डाग तसाच राहिला, तर महिने न घालवता सीटी स्कॅन आणि बायोप्सी करायला हवी. केसपेपरवर 'व्यवसाय: नोकरी' एवढं लिहून भागत नाही. कोणकोणत्या शेडमध्ये किती वर्षं काम केलं, आर्गन की साधं वेल्डिंग, स्टेनलेस की लोखंड, फाउंड्रीत होता का, अणुकेंद्राच्या ठेक्यावर कधी गेला होता का, टोक कोण काढायचं, हे विचारायला पाच मिनिटं लागतात. अल्फाचा कर्करोग दहा, वीस, तीस वर्षांनी येतो. तोवर शेड बंद झालेली असते, ठेकेदार बदललेला असतो, आणि कामगाराकडे पुरावा म्हणून उरतो तो त्या दिवशी डॉक्टरांनी लिहून घेतलेला केसपेपर.